सोलापुरात अंगणाचं घर घेतलंत? आधी ऊन बघा, मग गवंड्याला बोलवा

सोलापुरात घर बघायला निघालात की मालक किंवा एजंट शेवटी मागच्या दाराची कडी काढतो आणि म्हणतो, "ही मोकळी जागा, पायजे तसं करून घ्या की." भाडं ठरताना या जागेचं कौतुक फार होतं. राहायला आल्यावर मात्र तिथं सायकल, फुटका ड्रम आणि रंगाचे रिकामे डबे जमतात, कारण ती वापरायची कशी हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही. बाहेरगावच्या सवयी इथं उपयोगी पडत नाहीत. कोकणात अंगणाची सगळी आखणी पावसाभोवती होते. इथं ती ऊन, धूळ आणि नळाला पाणी यायच्या वेळा बघून करावी लागते.

जागा साधारण तीन तऱ्हेच्या मिळतात. शुक्रवार पेठ, उत्तर कसबा, साखर पेठ अशा जुन्या भागात वाड्यातला चौक: चारी बाजूंनी सोपा, म्हणजे उघडी पडवी, आणि मध्ये एक-दोन पायऱ्या खाली उतरलेली दगडी फरशी. पूर्व भागात, जिथं घर आणि यंत्रमाग एकाच आवारात नांदतात, तिथं दोन भिंतींमधलं लांबट अंगण, ज्यात सुताची बाचकी, विड्यांची सुपं आणि पोरांचा अभ्यास एकत्रच चालतो. आणि जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडकडच्या बंगल्यांना व रो-हाऊसना पुढं गाडीपुरती जागा नि मागं कंपाउंडची भिंत घातलेली पट्टी. तिघांचे प्रश्न थोडे वेगळे आहेत, पण कामांचा क्रम एकच आहे.

वरून पत्रा टाकू नका

कुठल्याही गवंड्याला बोलावलं की तो वर बघून पहिलं वाक्य हेच म्हणणार: "साहेब, पत्रा टाकून देतो, झंझट मिटली. पाऊस नाय, धूळ नाय." खरंय. पाऊस नाय, धूळ नाय, आणि मार्चनंतर झोपही नाय.

सोलापूरची हवा कोरडी. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, पण पहाटेपर्यंत पंचविशीच्या आसपास उतरतो. हा दिवसरात्रीतला फरक हीच अंगणाची खरी कमाई. रात्री आभाळ निरभ्र असलं की उघडी फरशी आणि भिंती आपली उष्णता सरळ वर सोडून देतात. तिथली हवा गार होते, जड होते, खाली बसते आणि अंगणाकडची दारं-खिडक्या उघड्या असतील तर खोल्यांत शिरते. सकाळी आठ-नऊला दारं लावून घेतली की हा गारवा निम्मा दिवस पुरतो. जुन्या वाड्यात दुपारी सोप्यात डोळा लागतो त्याचं रहस्य एवढंच.

पत्रा ही सगळी व्यवस्था मोडतो. दिवसा स्वतः तापून खाली आग ओकतो आणि रात्री आभाळ झाकतो. पारदर्शक पॉलिकार्बोनेट शीट दिसायला छान, पण उन्हाळ्यात त्याहून वाईट, कारण ऊन आत येतं आणि उष्णता बाहेर जात नाही. म्हणून इथल्या अंगणाचा नियम साधा ठेवा: दिवसा झाकायचं, रात्री उघडायचं. पुढची सगळी कामं याच बेतानं करायची.

पहिलं काम: सावली आखून घ्या

खडू घ्या, एक सुट्टीचा दिवस काढा. सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार वाजता भिंतीची सावली जिथं संपते तिथं फरशीवर रेघ मारा. तीन रेघांत जागेचा स्वभाव कळतो. फक्त एक ध्यानात असू द्या की हा नकाशा त्या महिन्यापुरताच खरा असतो.

सोलापूर साधारण साडेसतरा अक्षांशाच्या थोडं वर आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या भिंतीला सावलीच उरत नाही. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो मध्यान्हीला किंचित उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे 'भिंत उंच आहे, सावली पडेल' हा हिशेब ऐन उन्हाळ्यातल्या दुपारी कोसळतो. डिसेंबरात चित्र उलटं. तेव्हा दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि दक्षिणेच्या दहा फुटी भिंतीची सावली अंगणात साडेआठ-नऊ फुटांपर्यंत लोळते. दहा फूट रुंदीच्या अंगणाची निम्म्याहून जास्त जागा अशा वेळी दिवसभर थंडगार पडते. वाळवणाची दोरी, मिरच्या, गोधड्या यांची जागा म्हणूनच उत्तरेकडच्या भिंतीशी ठेवावी. कुरडया-पापडांची चिंता नको. ते मार्च-एप्रिलात करायचे असतात आणि तेव्हा ऊन सगळीकडेच.

सगळ्यात जास्त लक्ष द्या ते पश्चिमेला तोंड असलेल्या भिंतीकडे. दुपारी तीननंतरचं तिरपं ऊन तिच्यावर थेट आपटतं आणि ती भिंत रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. तिच्यापलीकडे झोपायची खोली असेल तर पंख्याला दोष देऊन उपयोग नाही. सावलीवर खर्च करायचे पहिले पैसे या भिंतीवर घाला.

दुसरं काम: पाणी कुठं जातं ते शोधा

सोलापूर अवर्षणाचा जिल्हा, मग पाण्याचा निचरा कशाला, असं वाटेल. पण इथला पाऊस दिवसभर रिपरिपत नाही. वळवाचा किंवा सप्टेंबरातला पाऊस तासाभरात सगळं उरकतो आणि बंद अंगणाला बाहेर जायची वाट एकच असते.

वाड्यातल्या चौकात एका कोपऱ्यात भोकं पाडलेला दगड असतो, त्याखालून मोरी घराच्या पोटातून रस्त्याकडे जाते. वर्षानुवर्षं त्यात तांदळाचं धुवण, केस आणि पडक्या भिंतीची माती साठलेली असते. दगड काढून हात घालू नका, आधी पहार आणि टॉर्च घ्या. विंचू अशाच जागी असतात. मग तीन-चार बादल्या एकदम ओता आणि कुणालातरी बाहेरच्या तोंडाशी उभं करा. पाणी लगेच आणि गढूळ आलं तर ठीक. बाहेर आलंच नाही आणि आत उतरत मात्र गेलं, तर ते जोत्यात मुरतंय. वाडा पांढऱ्या मातीचा आणि वर माळवद (मातीचं सपाट छत) असेल तर यापेक्षा वाईट बातमी नाही. फरशी-बिरशी सगळं बाजूला ठेवा आणि मोरी आधी बांधून घ्या.

नव्या घरांत ही अडचण नसते, तिथं उतारच दिलेला नसतो. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं धरली की उतार कळतो. दहा फुटाला दीड इंच पुरे, खडबडीत दगड असेल तर दोन. उतार घराकडून बाहेर, हे सांगायची गरज नसावी, पण काम चालू असताना स्वतः उभे राहा.

न्हाणीचं पाणी शोषखड्ड्यात सोडणार असाल तर एक गोष्ट विचारून घ्या: काळी माती किती खोल आहे? काळ्या मातीत पाणी झिरपत नाही, नुसतं तुंबतं. खड्डा खालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो, नाहीतर महिन्याभरात डासांचं तळं होतं. पायापासून तो निदान आठ फूट लांब हवा. आड किंवा बोअर असेल तर त्यापासून जितका लांब तितका बरा.

तिसरं काम: फरशी

इथं शहाबादीला पर्याय शोधत बसू नका. ती येते ती कलबुर्गीच्या पुढच्या शहाबादकडून, सोलापूरवरूनच जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेनं. त्यामुळे स्वस्त, मुबलक, आणि ती बसवणारे हात गावात भरपूर. अंगणासाठी पॉलिश केलेली घेऊ नका. ओली झाली की पाय घसरतात आणि उन्हात डोळे दिपतात. साधी, खरबरीत, सव्वा ते दीड इंच जाडीची लादी घ्या. गाडी चढणार असेल तिथं पातळ लादी तडकणारच.

खरं काम लादीच्या खाली असतं. सोलापुरातल्या बहुतेक नव्या वसाहती शेतजमिनीवर उभ्या आहेत. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकून आकसते. तिच्यावर थेट वाळू पसरून लादी मांडली तर पहिल्या पावसातच मधली लादी वर येते आणि तिच्या कडेला पाय ठेचकाळतो. म्हणून गवंड्याला सांगायचं ते असं: वरची काळी माती निदान एक फूट काढा, मुरूम दोन थरांत भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसानं नीट ठोका, मग खडीचा पातळ कोबा, मग मसाला, मग लादी. "एवढं कशाला साहेब, अंगण तर हाय," असं ऐकायला मिळेल. ऐकून घ्या आणि एक फूटच खणायला लावा. मुरूम ठोकताना तुम्ही तिथं असणं हे सिमेंटच्या ब्रँडपेक्षा महत्त्वाचं आहे.

सगळी जागा फरशीनं बुजवू नका. झाडांसाठी भिंतीकडेची एक पट्टी, दोन फूट रुंदीची का होईना, उघडी ठेवा. फक्त ती घराच्या भिंतीला लागून नको, कंपाउंडच्या बाजूला हवी. घराच्या पायाशी रोज पाणी घातलं की काळी माती तिथं वेगळी आणि इतरत्र वेगळी हलते, आणि प्लास्टरला तिरप्या भेगा पडतात.

लाद्यांच्या दरजा भरल्यावर आठवडाभर पाणी मारावं लागतं, आणि इथं नळाला रोज पाणी येत नाही. पेठेनुसार पाळी वेगळी असते. म्हणून दरजा भरायचं काम पाणी येण्याच्या दिवशी धरा. हे बाहेरचा माणूस हमखास विसरतो आणि मग सिमेंट भुसभुशीत राहतं.

शहाबादी चुनखडीच्या जातीची आहे, त्यामुळे टॉयलेटचं ॲसिड तिच्यावर ओतू नये. फेस येतो, डाग गेल्यासारखा वाटतो आणि तिथली लादी कायमची खरबरीत, पांढरट होते. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहिले तर राहू द्या. घासणी आणि साधा साबण यापलीकडे जायचं नाही.

चौथं काम: सावली, पण गुंडाळता येईल अशी

हा भाग मनापासून करावा. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये चार-साडेचार फुटांच्या अंतरानं जाड जीआय (जस्त चढवलेल्या) तारा ओढायच्या. प्रत्येक तारेच्या एका टोकाला ताण देणारा टर्नबकल हवा. हूक विटेत ठोकू नका, कॉलममध्ये किंवा स्लॅबच्या कडेत अँकर घालून बसवा. विटेतला हूक पहिल्या वावटळीत विटेसकट येतो. मग शेडनेटला दोन्ही कडांना दुहेरी पट्टी शिवून पितळी कड्या ठोकून घ्यायच्या आणि पडद्यासारखी ती तारेवर सरकवायची. कापडाच्या या गावात असं शिवून देणारा मंडपवाला किंवा टेलर शोधायला लांब जावं लागत नाही.

नेट किती दाट? बसण्या-उठण्यासाठी पंचाहत्तर टक्क्यांची, खाली झाडं असतील तर पन्नास टक्क्यांची. हिरव्या नेटखाली सगळ्यांचे चेहरे आजारी दिसतात. पांढरी किंवा मातकट मिळाली तर ती घ्या. नेट भिंतीच्या माथ्यापेक्षा फूटभर वर राहू द्या, म्हणजे तापलेली हवा कडेनं निघून जाते. सकाळी नवाला ओढायची, सूर्य कलला की सरकवून ठेवायची. एप्रिल-मेच्या दुपारी ईशान्येला काळं भरून आलं आणि वारा एकदम पडला की हातातलं काम टाकून आधी नेट गुंडाळा. वळवाचं वारं अर्ध्या तासात शिडासारखं फुगवून हूक उपटतं.

पश्चिमेला तोंड असलेल्या त्या तापणाऱ्या भिंतीसमोर बांबूचा ताटवा उभा करून त्यावर मधुमालती चढवा. ताटवा भिंतीला चिकटवू नका, वीतभर अंतर सोडा. वेल वाढेपर्यंत वाळ्याचा पडदा किंवा साधं गोणपाट चालतं. भिंतींना आतून चुना मारलात तर तापणं नक्की कमी होतं, पण लहान अंगणात पांढऱ्या भिंतींचा चकाका इतका येतो की डोळे मिटून बसावं लागतं. चुन्यात थोडी पिवडी (पिवळा मातीचा रंग) मिसळा. गच्चीला मात्र पांढराशुभ्रच हवा.

संध्याकाळचा सडा हा इथला जुना उपाय, आणि कोरड्या हवेत तो खरंच काम करतो. पण ऊन अंगावर असताना तापल्या लादीवर पाणी ओतणं म्हणजे पाण्याची नासाडी. सावली पूर्ण पडल्यावर, सातच्या सुमारास, भांडी विसळलेलं किंवा फिल्टरमधून वाया जाणारं पाणी शिंपडा. एक-दोन बादल्या पुरतात. मग बाज टाका, मच्छरदाणी बांधा.

पाचवं काम: साठवण

सोलापूरला उजनीचं पाणी लांबून येतं आणि ते काही दिवसांआड मिळतं, त्यामुळे हौद किंवा टाकी अंगणातच येणार. हजार लिटर पाण्याचं वजन एक टन. टाकी फरशीच्या टोकाला किंवा जुन्या मोरीच्या झाकणावर ठेवू नका, तिला स्वतंत्र ओटा बांधा, सावलीत. उन्हातली टाकी मेमध्ये आंघोळीला गरम पाणी देते, ज्याची तेव्हा कुणाला गरज नसते.

झाकण घट्ट बसलं पाहिजे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळी हवेत आठ-दहा दिवसांत त्याचा पूर्ण डास होतो. म्हणून आठवड्यातून एकदा ड्रम, कुंड्यांच्या ताटल्या, कूलरची टाकी कोरडी करायची. आरोग्य खात्याची माणसं 'कोरडा दिवस पाळा' म्हणून दारोदार सांगत असतात ते यासाठी. मोठा हौद उपसता येत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडा.

छताचं पाणीही अडवा. पाचशे चौरस फूट गच्चीवर वीस मिलिमीटरची एक सर पडली तरी नऊशे लिटरच्या वर पाणी खाली येतं. पन्हाळीला पाईप जोडून ते ड्रममध्ये घ्या. हंगामातली पहिली सर मात्र सोडून द्या, तिच्यात वर्षाची धूळ आणि कबुतरांची घाण असते.

सहावं काम: झाडं

पावसाला सुरुवात झाली की लावा, उन्हाळ्यात लावून जगवण्याचा हट्ट नको. लहान अंगणात कढीपत्ता, जास्वंद, मोगरा, लिंबू, आणि डाळिंब. डाळिंब तर इथलंच, कमी पाण्यावर तग धरतं. मोरीच्या कडेला कर्दळ आणि अळू. शेवगा झटपट वाढतो, शेंगा देतो, पण लाकूड ठिसूळ. वाऱ्यात फांदी शेजाऱ्याच्या पत्र्यावर पडली की महिनाभर बोलणं बंद. कडुनिंबाइतकी सावली कुणाची नाही, मात्र भिंतीपासून दहा-बारा फूट जागा असेल तरच. वड, पिंपळ, उंबर यांची रोपं भिंतीच्या फटीत आपोआप उगवतात. बोटाएवढी असतानाच उपटा.

कारण नंतर ते इतकं सोपं नाही. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे. स्वतःच्या अंगणातलं मोठं झाड तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आधीच मोठं झाड असलेलं घर घेत असाल तर ते झाड घराचाच भाग समजून घ्या.

शेजार आणि कागद

घराभोवती सोडलेली जागा ही नकाशात मोकळी दाखवलेली असते. तिथं पक्कं छत किंवा खोली उठवायची तर बांधकाम परवानगी लागते. डिसेंबर २०२० पासून राज्यात एकत्रित नियमावली आहे आणि ती सोलापूरलाही लागू आहे. 'सगळ्यांनीच केलंय' हे उत्तर नोटीस आल्यावर चालत नाही. तारेवरची नेट हा प्रश्नच उभा करत नाही.

भाड्यानं राहत असाल तर हूक ठोकण्याआधी मालकाला विचारा, आणि जाताना नेट काढून नेता येईल हे आधीच बोलून ठेवा. सामाईक भिंत असेल तर शेजारच्या काकूंना, अक्कांना एकदा जाऊन सांगा. पूर्व भागात तेलुगू, पेठांत आणि अक्कलकोट बाजूला कानडी कानावर पडेल. भाषेची अडचण नाही, मराठी सगळ्यांना येते. विचारायचं एवढंच: तुमच्याकडं पाणी कुठल्या बाजूनं उतरतं, आणि माग किती वाजता बंद होतो? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर तुमची बाज कुठल्या कोपऱ्यात पडायची ते ठरतं.

कामाला हात घालायचा तर दिवाळी झाल्यावर घाला. माती तेव्हा वाळून बसलेली असते आणि मसाला उन्हानं करपत नाही. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची यात्रा असते, त्या आठवड्यात गवंडी मिळणार नाही. तो नंदीध्वजांच्या मिरवणुकीत असतो नाहीतर पोरांना घेऊन गड्ड्याच्या जत्रेत. म्हणून फरशी डिसेंबरात उरका, तारा आणि नेट फेब्रुवारीत.